बोलक्या चित्रांची पुंजी

विक्रीस ठेवलेली वस्तू ग्राहकाने हाताळून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत, हा बाजाराचा जुना रिवाज आहे. कापड बोटांत धरून पारखले जाते, तांदूळ तळहातावर घेऊन पाहिला जातो, आंबा नाकाशी नेला जातो. गाण्याच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. गाण्याला रंग नाही, वास नाही, वजनही नाही. ऐकून संपले की ते हवेत विरते. म्हणूनच संगीताच्या व्यवसायाला आरंभापासून चित्राचा आधार घ्यावा लागला. अमेरिकेतील ‘कोलंबिया’ कंपनीचा तरुण चित्रकार ॲलेक्स स्टाइनवाइस याने १९४० च्या सुमारास ध्वनिमुद्रिकांच्या करड्या, निर्विकार वेष्टनांवर रंगीत चित्रे छापण्याची प्रथा रुजवली आणि न दिसणाऱ्या गाण्याला चेहरा मिळाला.

पुढील पाऊण शतकात या चित्राने आणखी एक पायरी ओलांडली. केवळ पाहण्याचे चित्र हे हात लावण्याचे, फिरवण्याचे, भर घालण्याचे आणि अखेर उत्तर देणारे चित्र झाले. मराठीत ‘बँड’ म्हटले की लग्नाच्या वरातीतील पथक डोळ्यांसमोर येते. येथे अभिप्रेत आहेत ते चारपाच वादक-गायकांचे पाश्चात्त्य वाद्यवृंद. अशा बँडांनी परस्परसंवादी चित्रांच्या साहाय्याने आपले चाहते कसे जोडले, त्यासाठी काय मोजले आणि कोठे ठेच खाल्ली, याची कहाणी कोणत्याही व्यावसायिकाला विचार करावयास लावणारी आहे.

कागदावरचे खेळ

या प्रवासाचा एक ठळक टप्पा म्हणजे १९६७ साली प्रसिद्ध झालेला ‘बीटल्स’ या इंग्लंडमधील बँडचा ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ हा अल्बम. पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ या कलावंत दांपत्याने त्याचे मुखपृष्ठ रचले. बीटल्सच्या चौघांभोवती लेखक, नट, खेळाडू, विचारवंत अशा नामवंतांच्या पूर्णाकृती प्रतिमांची गर्दी होती. आत एक जाड कागद होता आणि त्यावर कापून काढण्याजोग्या मिशा, सार्जंटच्या फिती व बिल्ले छापलेले होते. पाठीमागे गाण्यांचे सर्व शब्द छापलेले होते. घरी नेल्यावर चाहत्याने गर्दीतील चेहरे ओळखायचे, मिशी कापून ओठांवर लावायची आणि शब्द वाचत गायचे, असा तो मनोहर खेळ होता. त्या काळी मुखपृष्ठासाठी पन्नासेक पौंड खर्च करण्याचा प्रघात होता. येथे तो आकडा तीन हजारांच्या घरात गेला.

या चित्रामागे बरीच कायदेशीर धावपळही झाली. हयात व्यक्तींच्या प्रतिमा वापरण्यासाठी ‘ईएमआय’ कंपनीने त्यांची लेखी परवानगी मागवली. लिओ गॉर्सी या नटाने मोबदला मागितला, तेव्हा त्याची प्रतिमा चित्रातून पुसण्यात आली. महात्मा गांधींची प्रतिमाही मूळ मांडणीत होती. परंतु भारतातील जनतेच्या भावना दुखावतील आणि तेथील व्यवसायाला बाधा येईल, या शंकेने कंपनीचे प्रमुख सर जोसेफ लॉकवुड यांनी ती काढावयास लावली. दुसऱ्याच्या चेहऱ्याचा उपयोग आपल्या मालाच्या प्रसारासाठी करताना संमती आणि औचित्य या दोन्ही गोष्टी तपासाव्या लागतात, हा धडा संगणकाचे युग उजाडण्यापूर्वीच मिळाला होता.

‘लेड झेपलिन’ या बँडने १९७० मधील आपल्या तिसऱ्या अल्बमच्या वेष्टनात फिरणारे चक्र बसवले. कडेने चक्र फिरवले की मुखपृष्ठावरील छिद्रांतून निरनिराळी चित्रे दिसत. १९७१ साली ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘स्टिकी फिंगर्स’ या अल्बमसाठी चित्रकार अँडी वॉरहॉल याच्या कल्पनेतून विजारीचे छायाचित्र छापले गेले आणि त्यावर चक्क खरी, उघडझाप होणारी चेन लावण्यात आली. ग्राहकांना ती फार आवडली. गोदामात मात्र अडचण उभी राहिली. अल्बम एकावर एक रचले की चेनीचा दाब शेजारच्या तबकडीवर पडून तिला इजा होऊ लागली. अखेर पाठवणीपूर्वी प्रत्येक चेन अर्धी खाली ओढून ठेवण्याची युक्ती निघाली. त्यामुळे दाब तबकडीच्या मध्यभागी असलेल्या कागदी चकतीवर येई आणि गाणी सुरक्षित राहत. कल्पना कितीही रंजक असली तरी ती मूळ मालाला धक्का लावीत नाही ना, हे पाहावेच लागते.

कल्पनेतले घर

चित्रच बँड आणि बँडच चित्र, हे समीकरण मात्र ‘गोरिलाझ’ने प्रत्यक्षात आणले. संगीतकार डेमन आल्बर्न आणि व्यंगचित्रकार जेमी ह्यूलेट या दोघा मित्रांनी १९९८ मध्ये लंडनमध्ये हा बँड उभा केला. टू-डी, मर्डॉक, नूडल आणि रसेल हे त्याचे चार सदस्य. हे चौघेही केवळ रेखाटनांतून अस्तित्वात आलेले! २००१ मध्ये पहिला अल्बम आला. त्या सुमाराच्या कार्यक्रमांत खरे वादक पडद्यामागे राहून वाजवीत आणि प्रेक्षकांना पडद्यावर चित्रे दिसत.

ज्यांना भेटता येत नाही, ज्यांची स्वाक्षरी मिळत नाही, अशा कलावंतांवर लोकांनी जीव कसा लावावा? या प्रश्नाला ‘गोरिलाझ’ने दिलेले उत्तर म्हणजे ‘काँग स्टुडिओज’ हे संकेतस्थळ. ते एका काल्पनिक वास्तूचे चित्र होते. माउसने दार उघडावे, जिने चढावेत, नूडलच्या खोलीत डोकवावे, मर्डॉकच्या पसाऱ्यात उचकापाचक करावी, कोठे एखादा खेळ सापडावा, कोठे गाण्याचा तुकडा ऐकू यावा, अशी त्याची रचना होती. येणारा पाहुणा जाहिरात वाचत नव्हता. तो एका घरात हिंडत होता. काही दडवून ठेवलेले असेल या आशेने तो पुन्हा येई आणि जे सापडले ते मित्रांना सांगे. एरवी पैसे मोजूनही न मिळणारी तोंडी प्रसिद्धी या घराने मिळवून दिली.

हा बँड काळाबरोबर चालत राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये आणि लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये जमलेल्या चाहत्यांनी आपापले मोबाइल उंचावले, तेव्हा भोवतालच्या इमारतींमधून ही चार पात्रे महाकाय रूपात गाताना दिसली. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला तेथे काहीच दिसत नव्हते. सप्टेंबर २०२५ मध्ये याच बँडने ‘द माउंटन’ या अल्बमची घोषणा केली, तेव्हा मुखपृष्ठावर देवनागरी लिपीत ‘पर्वत’ हे अक्षर झळकले आणि सहभागी कलावंतांच्या यादीत आशा भोसले व अनुष्का शंकर यांची नावे होती. लंडनच्या चित्रमय बँडचे मुखपृष्ठ मराठी वाचकालाही सहज वाचता यावे, हा सुखद योगच म्हणावा लागेल.

रसिकाच्या हाती कुंचला

चित्रात हिंडू देणे ही एक पायरी झाली. चित्र पुरे करण्याचे कामच रसिकावर सोपवणे ही त्यापुढची. अमेरिकन गायक बेक याने २००६ मध्ये ‘द इन्फर्मेशन’ हा अल्बम काढला, तेव्हा मुखपृष्ठावर आलेखाच्या वहीतल्यासारख्या चौकटींशिवाय काहीच नव्हते. सोबत चिकटचित्रांचे पान दिलेले होते. ज्याने त्याने आपले मुखपृष्ठ आपणच सजवायचे होते. ब्रिटनमधील अधिकृत विक्रीक्रम ठरवणाऱ्या संस्थेने मात्र या चिकटचित्रांमुळे अल्बमला इतरांवर गैरवाजवी आघाडी मिळते, असे ठरवून त्याला क्रमवारीतून वगळले. भेटवस्तू आणि माल यांतील सीमारेषा कोठे आखावी, हा विपणनातील नाजूक प्रश्न येथे ऐरणीवर आला.

‘रेडिओहेड’ या इंग्लिश बँडने ऑक्टोबर २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ हा अल्बम आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि किंमत ठरवण्याचा अधिकार ग्राहकालाच दिला. यामुळे गाजावाजा झालाच. त्याच अल्बममधील ‘हाऊस ऑफ कार्ड्स’ या गाण्याची २००८ मधील चित्रफीतही तितकीच लक्षणीय होती. नेहमीचा कॅमेरा न वापरता लेझर किरणांच्या साहाय्याने चेहऱ्याच्या व परिसराच्या मोजमापांचे असंख्य बिंदू टिपून ती तयार करण्यात आली होती. हे मोजमाप बँडने सर्वांसाठी खुले केले. पाहणाऱ्याला गायकाचा चेहरा हव्या त्या कोनातून फिरवता येई आणि संगणकाचे ज्ञान असणाऱ्याला त्यातून आपली स्वतंत्र चित्रफीत घडवता येई.

गायक जॉनी कॅश २००३ मध्ये निवर्तला. त्याच्या मृत्यूनंतर, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एंट नो ग्रेव्ह’ या गाण्यासाठी ख्रिस मिल्क आणि आरोन कोब्लिन यांनी एक हृद्य योजना आखली. चित्रफितीतील एकेक चौकट चाहत्याला दिली जाई. त्याने ती आपल्या हाताने रेखाटून परत पाठवायची. देशोदेशींच्या चाहत्यांच्या रेषा एकामागून एक धावू लागल्या की थरथरणारे, सतत बदलणारे एक चलच्चित्र साकार होई. कोणती चौकट कोणी काढली, याचीही नोंद तेथे दिसे. ज्याला श्रद्धांजलीचे दोन शब्द लिहिता आले नसते, त्याला एक चौकट काढून आपली कृतज्ञता व्यक्त करता आली.

लहानपणीचा पत्ता

या दोघांचेच त्या वर्षीचे दुसरे काम अधिक गाजले. कॅनडातील ‘आर्केड फायर’ या बँडचा ‘द सबर्ब्ज’ हा अल्बम ऑगस्ट २०१० मध्ये आला. शहराबाहेरील वसाहतींत गेलेले बालपण हा त्याचा विषय. त्यातील एका गाण्यासाठी ख्रिस मिल्कने गूगलच्या सहकार्याने ‘द वाइल्डरनेस डाउनटाउन’ ही संवादी चित्रफीत तयार केली. आरंभी पडद्यावर एकच मागणी येई : आपण लहानाचे मोठे झालात त्या घराचा पत्ता लिहा. पत्ता लिहिला की गाणे सुरू होई. एक मुलगा रस्त्यावरून धावत असे आणि पाहता पाहता शेजारच्या चौकटींत उपग्रहाने टिपलेली व रस्त्यावरून घेतलेली त्याच गल्लीची दृश्ये उघडत. अखेरीस बालपणीच्या स्वतःला एक पत्र लिहिण्याची विनंती केली जाई. यांतील काही पत्रे पुढे बँडच्या कार्यक्रमांच्या वेळी बिया असलेल्या कागदावर छापून देण्यात आली. ती पेरली असता रोप उगवावे, अशी योजना होती.

अनेकांचे डोळे पाणावले, कारण चित्रफितीतील घर नटाचे नव्हते, ते त्यांचे स्वतःचे होते. २०११ मध्ये या कृतीला कान येथील जाहिरात महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकांपैकी एक मिळाले आणि त्याच वर्षी ‘द सबर्ब्ज’ला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक लाभले. भारतीय रसिकाला मात्र त्या वेळी यातील निम्माच आनंद घेता आला. त्याच्या गावाचे आकाशातून घेतलेले चित्र उपलब्ध होते, पण रस्त्यावरून घेतलेली दृश्ये नव्हती. ती सेवा भारतात जुलै २०२२ मध्ये सुरू झाली आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक व अहमदनगर यांचा समावेश होता.

या सुंदर कृतीत एक गंभीर प्रश्नही दडलेला आहे. बालपणीच्या घराचा पत्ता ही जिव्हाळ्याची बाब आहे, तशीच ती ओळख पटवण्यासाठी विचारली जाणारी माहितीही असते. आवडत्या बँडने विचारले म्हणून चाहता ती क्षणार्धात देऊन टाकतो. हा विश्वास हीच बँडची खरी कमाई होय आणि म्हणूनच तिचा गैरवापर हा सर्वांत मोठा तोटा ठरतो. भारतात २०२३ मध्ये संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने संमती आणि प्रयोजन या दोन गोष्टींना जे महत्त्व दिले आहे, त्यामागील तत्त्व हेच आहे : ज्या कामासाठी माहिती मागितली, त्याच कामासाठी ती वापरावी.

हिशेबाची बाजू

चाहत्यांचे प्रेम ताळेबंदात कोठे मांडायचे, असा प्रश्न एखाद्या हिशेबनिसाला पडेल. त्याचे उत्तर गायक डेव्हिड बोवी याच्या व्यवहारात सापडते. १९९७ मध्ये बोवीने १९९० पूर्वीच्या आपल्या २५ अल्बमांपासून भविष्यात मिळणाऱ्या उत्पन्नाच्या तारणावर साडेपाच कोटी डॉलरचे रोखे काढले. व्याजदर ७.९ टक्के होता आणि ‘प्रुडेन्शियल’ या विमा कंपनीने ते सर्व खरेदी केले. पुढील वर्षी त्याने ‘बोवीनेट’ ही इंटरनेट सेवा सुरू करून चाहत्यांना आपल्या वर्तुळात आणले. गाण्याचे शब्द पाठवण्याची स्पर्धा घेऊन त्यातील एका चाहत्याच्या ओळी आपल्या अल्बममध्ये समाविष्टही केल्या. तरीही इंटरनेटवरून फुकट गाणी उतरवून घेण्याची लाट आली, ध्वनिमुद्रिकांची विक्री घसरली आणि २००४ मध्ये ‘मूडीज’ने या रोख्यांचे पतमानांकन गुंतवणूकयोग्य श्रेणीच्या शेवटच्या पायरीवर आणून ठेवले. रोख्यांची परतफेड २००७ मध्ये सुरळीत पार पडली आणि उत्पन्नाचे हक्क बोवीकडे परतले, हे खरे. परंतु एक गोष्ट स्पष्ट झाली. तारण म्हणून गाणी ठेवली होती, तरी प्रत्यक्षात तारण होती ती श्रोत्यांची पैसे देऊन गाणे घेण्याची सवय. ती बदलताच पत डळमळली.

आज गाणी प्रामुख्याने मोबाइलवर ऐकली जातात आणि एकेका श्रवणामागे कलावंताच्या पदरी अत्यल्प रक्कम पडते. कार्यक्रमाचे तिकीट, छापील सदरा, खास आवृत्ती यांवरच अनेक बँडांचा चरितार्थ अवलंबून असतो. या वस्तू तोच घेतो, ज्याला बँड आपला वाटतो. म्हणून संवादी चित्रावरील खर्च हा करमणुकीचा खर्च मानता येत नाही. ती ओळख वाढवण्यासाठी केलेली गुंतवणूक ठरते.

आणि ती मोठ्यांनाच परवडते असेही नाही. २०१० नंतर फिनलंडच्या ‘थिंगलिंक’सारख्या कंपन्यांनी साध्या छायाचित्रावर ठिकठिकाणी बिंदू ठेवण्याची सोय उपलब्ध करून दिली. बँडचा एकच फोटो घ्यावा, गिटारवरच्या बिंदूला स्पर्श केला की नवे गाणे वाजावे, ड्रमवरच्या बिंदूतून पुढील कार्यक्रमांच्या तारखा उघडाव्यात, गायिकेच्या सदऱ्यावरील बिंदूतून तो सदरा मागवता यावा, असे ते तंत्र. कोणत्या बिंदूला किती जणांनी स्पर्श केला, हे मोजता येत असल्यामुळे लोकांना गाण्यात रस आहे की तारखांत, हेही कळे. वीस बिंदूंची गर्दी केल्यास पाहणारा गोंधळतो. तीनचार नेमके बिंदू पुरेसे असतात.

या गुंतवणुकीला घसारा मात्र जबर आहे. संवादी चित्रांचा मोठा भाग ज्या ‘फ्लॅश’ तंत्रावर उभा होता, त्याचा आधार ‘अडोबी’ कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी काढून घेतला. असंख्य संकेतस्थळांची दारे कायमची बंद झाली. १९७० मधील ‘लेड झेपलिन’चे पुठ्ठ्याचे चक्र आजही बोटाने फिरते. त्यानंतर तीसचाळीस वर्षांनी केलेली कित्येक डिजिटल चित्रे मात्र उघडतही नाहीत. चित्र, मूळ छायाचित्रे आणि चाहत्यांनी दिलेले योगदान यांची स्वतंत्र प्रत जपून ठेवणे हा म्हणूनच शहाणपणाचा भाग ठरतो.

दुकानाच्या फलकावर

बँडांच्या या अनुभवाचा उपयोग लहान व्यावसायिकाला कसा व्हावा? आज सर्वांत साधे संवादी चित्र प्रत्येक दुकानात टांगलेले असते. ते म्हणजे काळ्यापांढऱ्या चौकोनांचा क्यूआर कोड. जपानमधील ‘डेन्सो वेव्ह’ कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो शोधला. २०१६ मध्ये यूपीआय आल्यानंतर तो भाजीच्या हातगाडीपर्यंत पोहोचला. त्याचा उपयोग केवळ पैसे घेण्यापुरता ठेवण्याचे कारण नाही. पैठणीच्या छायाचित्राशेजारील कोडमधून विणकराचा माग चालताना दिसावा, हापूसच्या पेटीवरील कोडमधून बागेची ओळख व्हावी, संगीतवर्गाच्या फलकावरील कोडमधून विद्यार्थ्यांचे गायन ऐकू यावे, हे अल्प खर्चात शक्य आहे.

मात्र सावधगिरी हवी. दुकानातील कोडवर दुसऱ्याने आपला कोड चिकटवलेला नाही ना, हे दुकानदाराने रोज सकाळी पाहावे. पैसे देताना पडद्यावर दिसणारे नाव ग्राहकाने वाचावे. पैसे मिळवण्यासाठी कोणताही कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. तसे कोणी सांगत असेल तर तो फसवणुकीचा प्रयत्न समजावा. आवडत्या कलावंताच्या नावाने आलेल्या चित्रालाही हाच नियम लागू पडतो.

अँडी वॉरहॉलच्या चेनीपासून टाइम्स स्क्वेअरमधील महाकाय नूडलपर्यंत साधने बदलत गेली. मूळ सूत्र तेच राहिले. ग्राहकाला पाहुण्यासारखे घरात घ्यावे, त्याच्या हाताला काही काम द्यावे, त्याने दिलेली माहिती ठेवीसारखी सांभाळावी आणि त्याच्या सहभागाची नावानिशी नोंद ठेवावी. बँक असो वा बँड, खातेदाराचा विश्वास हीच पहिली ठेव असते. ती जपली तर व्याज आपोआप जमा होत जाते.